तुम्ही विचारलंत म्हणून : फ्रँकलिनच्या गोष्टीत 'ते' कशाला?

गोष्ट संपली की चपला घालता घालता कुणाची तरी आई विचारतेच, "मुलांसमोर ते मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्ल्याचं सांगायलाच हवं का हो?" दरवेळी मी हसून वेळ मारून नेते. आज नाही नेत.

१८४५ ला इंग्रज नौदलाचा जॉन फ्रँकलिन कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिककडे जायची समुद्रवाट शोधायला निघाला, दोन जहाजं, १२९ माणसं, पुढे बर्फात अडकली, कुणी परतलं नाही, हे तुम्ही माझ्याकडून ऐकलंयच. पण तुम्हाला जो भाग नकोय तो कळला कसा ते बघा ना. १८५४ ला डॉ. जॉन रे, हडसन्स बे या कातडी-फरच्या व्यापारी कंपनीचा माणूस, खरं तर किनाऱ्याचा नकाशा पुरा करायला निघालेला, कॅनडाच्या उत्तरेला पेली बेजवळ त्याला एक इनुइट, म्हणजे तिथला मूळ रहिवासी, भेटतो, डोक्याला सोनेरी पट्टी, साहेबांच्या टोपीवरची. कुठली म्हणून विचारलं तर म्हणे पश्चिमेला बरेच गोरे उपासमारीने मेले. मग रे त्या लोकांकडून चांदीचे काटे-चमचे विकत घेतो, त्यावर फ्रँकलिनच्या अधिकाऱ्यांची चिन्हं. आणि प्रेतांची, भांड्यांत काय होतं त्याची हकिकत ऐकतो, आणि जशी ऐकली तशी लंडनला कळवतो. झालं! फ्रँकलिनची बायको खवळली, आणि चार्ल्स डिकन्स, हो तोच, आपल्या साप्ताहिकात लिहितो की इंग्रज खलाशी असलं करणारच नाहीत, उलट इनुइटांनीच त्यांना मारलं नसेल कशावरून? रे त्या लोकांची बाजू घेऊन भांडला, पण ऐकतो कोण.

पुढे हाडांवर सुरीच्या खुणा सापडल्या. २०२४ मध्ये तशाच खुणांचा एक जबडा डीएनएवरून कॅप्टन फिट्झजेम्सचा, म्हणजे फ्रँकलिनच्याच मोहिमेतल्या अधिकाऱ्याचा, निघाला.

म्हणजे 'ते' गाळलं की मी पण डिकन्सच्याच बाजूला जाऊन बसले, इनुइट परत खोटारडे. नाही गाळणार.

पण खरं सांगू, एकदा एका छोटीने विचारलं, "मग ते काका वाईट होते का?" आणि मला पटकन उत्तर सुचेना. मुलांना सगळं झेपतं असं मी पूर्वी ठासून सांगायचे (किती शहाणी होते मी!), त्या पोरीची आई मात्र दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली की ती रात्रभर झोपली नाही. आता काय बोलणार? भांड्यांचं सांगू की नुसतं हाडांचं, हे मी अजूनही समोर कोण बसलंय ते बघून ऐनवेळी ठरवते. तुम्हाला नकोच असेल तर शेवटची दहा मिनिटं पोराला बाहेर न्या, रेला मी बाहेर काढणार नाही.