केबिनच्या आधी रिगिंग

क्रेन शिकायची म्हणजे लिव्हर शिकायचे, असं नव्या पोरांना वाटतं. लिव्हर हाताला लवकर बसतात. मी टॉवर क्रेनवर आलो तो खालून, रिगर म्हणजे लोड बांधणारा म्हणून. स्लिंग म्हणजे लोड उचलायचे दोर किंवा पट्टे बांधणं, ते जोडणाऱ्या शॅकलची, म्हणजे लोखंडी कडीची, पिन तपासणं, सिग्नल देणं, हे सगळं आधी हातून गेलं होतं म्हणूनच वरचं काम मला उमगलं.

वर आल्यावर उस्तादांनी पहिल्यांदा लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलायचं याचा तक्ता, समोर ठेवला. आमची क्रेन टॉवरपासून 15 मीटरपर्यंत 6 टन उचलायची. मग 50 मीटरवर किती? मी 6 गुणिले 15, भागिले 50 करून 1.8 टन म्हणालो. चार्टवर दीडच होतं, कारण ट्रॉली (जिबवर, म्हणजे क्रेनच्या आडव्या हातावर, मागे-पुढे सरकणारी गाडी), हूक आणि दोर यांचं वजनही तेवढंच लांब जातं. आता त्या दीड टनात काय मावतं बघा. काँक्रीट घनमीटरला साधारण 2.4 टन भरतं. अर्ध्या घनमीटरची बकेट भरली की 1.2 टन झाले, वर बकेटचं आणि साखळ्यांचं वजन वेगळं. खालून कुणी "अजून थोडं टाक" म्हणालं की मला हा हिशोब आठवतो आणि मी सरळ नाही म्हणतो.

सगळ्यात जास्त वेळ लोडचा झोका थांबवायला शिकण्यात गेला. लोड झुलायला लागला की हात आपसूक उलटा ओढतो, आणि झोका वाढतो. करायचं असतं नेमकं वेगळं: लोड ज्या बाजूला चाललाय त्याच बाजूला ट्रॉली न्यायची आणि तो टोकाला पोचून क्षणभर थबकतो तेव्हा हूक त्याच्या बरोबर डोक्यावर आणायचा. जमलं की लोड जागच्या जागी गप्प लटकतो. जिब फिरवतानाही हेच. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी झालेला आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो.

शाफ्टच्या, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीच्या, आत लोड सोडताना काहीच दिसत नाही. कानात फक्त सिग्नलमन असतो: "सोड, सोड, सोड, हळू, बस." तो बोलतोय तोवर लोड खाली जातो. आवाज तुटला की हात थांबलाच पाहिजे, पुढचा शब्द येईपर्यंत. आणि "थांब" कुणीही म्हणो, अगदी काल लागलेला हेल्पर का असेना, थांबायचं. वाऱ्याचंही तसंच. शटरिंगचं, म्हणजे काँक्रीटच्या साच्याचं, पॅनेल वजनाला हलकं असतं पण शिडासारखं वारं धरतं, म्हणून ते उचलताना मी मर्यादेच्या बऱ्याच आधी काम बंद करतो. स्लॅब अडला तरी चालेल.

लायसन्स, कोर्स, डोळ्यांची तपासणी हे करावंच लागतं. पण ज्यांना यात यायचंय त्यांना मी आधी रिगिंगच्या गँगमध्ये राहायला सांगतो. दोन पायांची स्लिंग (हूकपासून लोडकडे जाणारे दोन दोर) आडव्या रेषेशी 60 अंशांत असेल, तर 1 टन लोडला प्रत्येक पायावर 600 किलोंहून थोडं कमीच येतं. तीच 30 अंशांवर पसरली की प्रत्येक पायावर पूर्ण 1 टन. माझ्या केबिनमधला डिस्प्ले दोन्ही वेळा 1 टनच दाखवतो. तो फरक फक्त खाली बांधणाऱ्यालाच दिसतो.