उद्यमबागेतून घातक कचरा पाठवताना: ड्रम, लेबल आणि सात प्रती

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका प्लेटिंग (धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढवणाऱ्या) कारखान्यातला घातक कचरा बाहेर पाठवण्याचं काम मी बघतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात फाउंड्री, मशिनिंग, हायड्रॉलिक्स आणि त्यांना लागणारे पिकलिंग (आम्लाने गंज काढणं) आणि प्लेटिंगचे छोटे कारखाने खूप आहेत, त्यामुळे हे काम करणारी माणसंही बरीच. पण बहुतेक ठिकाणी त्याला हात लागतो तो गाडी दारात उभी राहिल्यावर. माझ्या मते अडचणींचं मूळ तिथेच आहे. रिकाम्या ड्रममध्ये पहिली बादली पडते त्याच दिवशी पॅकिंग सुरू होतं आणि लेबलही त्याच दिवशी लागायला हवं.

याला नियमाचाही आधार आहे. 2016 च्या घातक व इतर कचरा नियमांप्रमाणे कचरा आवारात 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा निघत असेल तर राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. याच नियमांतल्या नमुना 8 च्या लेबलवर साठवणुकीची तारीख लिहावी लागते. गाडीच्या दिवशी सगळ्या ड्रमांवर एकच तारीख टाकली की नमुना 3 च्या नोंदवहीशी ती जुळत नाही, आणि तपासणीला आलेला अधिकारी आधी तेच बघतो.

त्यानंतर नियमांच्या यादीतला कचऱ्याचा प्रकार क्रमांक. प्लेटिंगच्या हौदाच्या तळाचा धातूचा गाळ 12.8, सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ 35.3, वापरलेलं आम्ल-अल्कली 12.2, सायनाइड किंवा विषारी धातू असलेला हौदाचा निचरा 12.3, रसायनाची रिकामी पिंपं 33.1, तेलकट चिंध्या 33.2. 12.8 आणि 35.3 दिसायला सारखेच हिरवट-करडे, म्हणून ते सर्रास एकाच ड्रममध्ये जातात. मंडळाच्या परवानगीपत्रात दोन्हींचं प्रमाण वेगवेगळं दिलेलं असतं. लेबलवर एक आणि परवानगीपत्रात दुसरं असलं की माल घेणाऱ्याच्या दारातूनच परत येतो.

ड्रमची निवड घाईत करू नये. द्रव असेल तर बंद तोंडाचा, दोन बुचांचा ड्रम. गाळ असेल तर उघड्या तोंडाचा, कडीचं झाकण असलेला. पिकलिंगचं वापरलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल लोखंडी ड्रममध्ये कधीच भरायचं नाही. ते पत्रा खातं, शिवाय हायड्रोजन सोडतं. प्लास्टिकच्या ड्रममध्येसुद्धा त्यात लोखंडाचे कण राहिले असतील तर वायू होत राहतो आणि ड्रम फुगतो, म्हणून तिथे वायू सोडणारं बूच लावतात. ड्रमच्या अंगावर ठशाची खूण असेल तर ती वाचायला शिकावं. 1ए1 म्हणजे बंद तोंडाचा लोखंडी, 1ए2 उघड्या तोंडाचा लोखंडी, 1एच1 आणि 1एच2 हे त्याच क्रमाने प्लास्टिकचे. द्रवाच्या ड्रमवर पुढे जो आकडा येतो, तो किती घनतेच्या द्रवापर्यंत ड्रम तपासलेला आहे हे सांगतो. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण तीव्र गंधकाम्लाची घनता 1.84 असते. 200 लिटरच्या ड्रममध्ये 180 लिटर भरलं तरी वजन 331 किलो होतं. डोळ्यांनी भरू नका, काट्यावर भरा. वर साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडायची. सकाळच्या गारव्यात काठोकाठ भरलेला ड्रम एप्रिलच्या उन्हात हावेरीच्या पुढे गेला की बुचातून पाझरू लागतो.

सायनाइडचा निचरा आणि आम्ल एका गाडीत नकोच, शेडमध्येसुद्धा त्यांच्यामध्ये भिंत हवी. दोन्ही मिसळले तर हायड्रोजन सायनाइड वायू होतो आणि त्यात माणूस वाचत नाही. क्रोमिक आम्लाजवळ चिंध्या किंवा तेल नको, कारण ते पेट घेऊ शकतं. लेबलवर 'विसंगत पदार्थ' असा एक रकाना आहे. बहुतेक जण तो मोकळा सोडतात. माझ्या दृष्टीने अख्ख्या लेबलवर सगळ्यात जास्त जीव वाचवणारा रकाना तोच. दुसऱ्या टोकाला ड्रम उघडणारा कामगार आपल्याला ओळखत नसतो. आत काय आहे हे त्याला फक्त ते लेबल सांगतं.

गाळाचं दुखणं वेगळं. फिल्टर प्रेसमधून (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) निघालेली वडी हाताला कोरडी लागते, जंबो बॅगेत भरतो तेव्हा बॅगेचा तळही सुका असतो. पण बेळगाव ते दाबसपेठ, जिथे हा गाळ भूभरावात म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत जातो, हा रस्ता साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. तेवढे हादरे बसल्यावर गाळ दबत जातो, त्यातलं पाणी सुटतं आणि बॅग उघडताना वर बोटभर पाणी तरंगताना दिसतं. सुटं पाणी असलेला माल भूभरावात घेत नाहीत. म्हणून भरण्याआधी मी मूठभर गाळ झाकणाच्या डबीत घेऊन पाच मिनिटं टेबलावर आपटत ठेवतो. पृष्ठभागावर चकाकी आली, तर तो गाळ पुन्हा वाळवणीवर जातो. पावसाळ्यात वाळवणीवर छप्पर नसेल तर ही मेहनत फुकट. बॅगेच्या आत अखंड प्लास्टिकचं अस्तर हवं आणि त्याचं तोंड पिळून, दुमडून, बांधून घ्यायचं. नुसती गाठ मारली तर ती सुटते.

आता लेबल. पार्श्वभूमी झळझळीत पिवळी, 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' हे शब्द लाल आणि ठळक. भाषा इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक. आपल्याकडे स्थानिक म्हणजे कन्नड. हमाली करणारी निम्मी माणसं मराठी वाचणारी असतात, म्हणून आम्ही खाली मराठीची एक ओळ जास्तीची छापतो. पाठवणारा आणि घेणारा यांचे पत्ते-फोन, प्रमाण, भौतिक स्थिती, गुणधर्म आणि आणीबाणीचा क्रमांक हे सगळं त्यावर हवं. कागदी लेबल छापून वर पारदर्शक चिकटपट्टी मारली की दोन पावसांत कडेतून पाणी शिरतं आणि शाई पसरते. प्लास्टिक फिल्मचं लेबल घ्या, तारीख-वजन तेलरंगाच्या पेनने लिहा आणि चिकटवण्याआधी ड्रमचं अंग थिनरने पुसून कोरडं करा. तेलकट अंगावर कुठलंच लेबल टिकत नाही. जागा ड्रमच्या कुशीवर. झाकणावर लावलं तर झाकण बदललं की ओळखही बदलते. ड्रम जुना असेल तर त्यावरचं आधीचं लेबल पूर्ण खरवडून काढायचं.

गाडीच्या बाबतीत मी चार गोष्टी बघतो. ड्रायव्हरच्या लायसनवर घातक मालाची नोंद. दोन्ही बाजूंना आणि मागे आणीबाणीचा फलक, त्यावर मालाचं नाव, वर्ग क्रमांक, आणीबाणीचा आणि पाठवणाऱ्याचा फोन. मंडळाची परवानगी. आणि नमुना 9 चं आणीबाणी पत्रक ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत, केबिनमध्ये हाताशी. मालाखाली दाबून ठेवलेलं पत्रक अपघातात कुणालाच सापडणार नाही.

नमुना 10 म्हणजे मालाबरोबर जाणारं वाहतुकीचं पत्रक, त्याच्या सात प्रती. सातही प्रतींवर सही करून पांढरी मंडळाला पाठवायची. वाहतूकदाराची सही घेऊन पिवळी आपल्याकडे ठेवायची. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी घेणारा मंडळाला पाठवतो आणि निळी आपल्याकडे परत येते. निळी येईपर्यंत काम संपलेलं नसतं. तिच्यावरचं वजन आपल्या काट्याच्या पावतीशी ताडून बघा. लोखंडी ड्रम स्वतःच 18-20 किलोचा असतो, त्यामुळे एकाने ड्रमसकट आणि दुसऱ्याने ड्रम वजा करून लिहिलं की 40 ड्रमांत पाऊण टनाचा फरक दिसतो. 30 जूनपर्यंत द्यायच्या नमुना 4 च्या वार्षिक विवरणात तो फरक उघडा पडतो.

राखाडी प्रत परराज्यासाठी, आणि इथेच सीमाभाग अडतो. बऱ्याच बेळगावकरांची एक शेड उद्यमबागेत तर दुसरी शिनोळीत, म्हणजे चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. दोन्हीकडचा कचरा एकत्र करून एकच गाडी भरावी असं वाटणं साहजिक आहे. पण परवानगी जागेची असते, मालकाची नव्हे. शिनोळीचा ड्रम उद्यमबागेत आणला की ती आंतरराज्य वाहतूक होते, अंतर कितीही कमी असो. शेवटच्या विल्हेवाटीसाठी राज्याबाहेर पाठवायचं असेल तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचं ना-हरकत पत्र लागतं. वापरलेलं तेल, म्हणजे 5.1, पुनर्प्रक्रियेसाठी जात असेल तर माल हवाली करण्याआधी दोन्ही मंडळांना कळवणं पुरतं. निपाणीच्या कारखान्यांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडतं, त्यामुळे त्यांना याचा उपयोग जास्त. मंडळांना कळवलेल्या पत्राच्या पोचेची प्रत नमुना 10 सोबत ड्रायव्हरकडे द्या, कारण सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाडी थांबवली तर विचारलं जाईल ते त्यालाच.