‘मटिल्डा’ उजवी का ठरली

कोल्हापूरहून सुट्टीत लंडनला येणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: पोरांना घेऊन कुठलं म्युझिकल बघायचं? आमच्या तोंडी पहिलं नाव येतं ‘मटिल्डा’चं. रोआल्ड डाल यांची ही कादंबरी १९८८ची; मटिल्डा म्हणजे तिच्यातली पुस्तकवेडी लहान मुलगी. रॉयल शेक्सपिअर कंपनीने तिचं म्युझिकल २०१०च्या अखेरीस शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला केलं. नोव्हेंबर २०११मध्ये ते लंडनच्या केंब्रिज थिएटरात आलं आणि तिथेच मुक्काम ठोकून बसलं. २०१२ साली त्याला लंडनच्या रंगभूमीवरचे मानाचे ७ ऑलिव्हिए पुरस्कार मिळाले, तो त्या वेळचा विक्रम होता. पुढच्याच वर्षी, २०१३च्या जूनमध्ये, याच डाल यांचं ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ ड्रुरी लेनच्या भल्यामोठ्या थिएटरात उभं राहिलं. पैसा, नेपथ्य, नावाजलेला दिग्दर्शक, सगळं होतं. तरी समीक्षकांनी हात आखडता घेतला. लेखक एक, वाचकही तेच, मग फरक कुठे पडला?

आमच्या मते फरक गोष्टीच्या बांधणीत आहे. मटिल्डाची नजरेने वस्तू हलवायची शक्ती कादंबरीत बरीच उशिरा येते. पुस्तक वाचताना ते खपून जातं, पण खुर्चीत अडीच तास बसलेल्या प्रेक्षकाला धरून ठेवायला एक धागा लागतो. संहिताकार डेनिस केली यांनी तो नव्याने विणला. मटिल्डा ग्रंथालयातल्या बाईंना एका कसरत करणाऱ्या बाईची आणि बेड्या तोडून सुटणाऱ्या तिच्या नवऱ्याची गोष्ट हप्त्याहप्त्याने सांगत जाते. मूळ पुस्तकात ही गोष्टच नाही. ती कुणाची, हे उत्तरार्धात कळतं तेव्हा दोन्ही कथा एकमेकींत घट्ट बसतात. कादंबरीला हात लावायचा तर असा लावावा!

टिम मिंचिन यांच्या गाण्यांचं कौतुक झालं तेही याच कारणाने. शाळेच्या पहिल्या दिवसाचं गाणं घ्या. लोखंडी गजांचं उंच फाटक, अलीकडे बावरलेली लहान पोरं, पलीकडे धमकावणारी मोठी. गाण्यात ‘एबल’ या शब्दातून ए निघतो, ‘बीइंग’मधून बी, ‘सी’ म्हणजे बघणे यातून सी, असं करत पार झेडपर्यंत. त्या त्या अक्षराचा ठोकळा फाटकाच्या गजांत बसत जातो आणि त्याच ठोकळ्यांवर पाय देत पोरं वर चढतात. शाळेची दहशत, अक्षरओळख आणि नाच एकाच वेळी पुढे सरकतात. आपल्या संगीत नाटकात पदाला वन्स मोअर मिळाला की कथा जागच्या जागी थांबायची, आणि त्यातही गोडी होती. इथे गाणं कथेला थांबू देत नाही.

हेडमिस्ट्रेस ट्रंचबुल मूळ संचात बर्टी कार्व्हेल या पुरुष नटाने केली. पुरुषाने बाई साकारणं आपल्याला नवं नाही, पण इथली जात निराळी आहे. बालगंधर्वांकडे बघताना पुरुष विसरला जावा, ही साधना होती. ट्रंचबुल माजी हातोडाफेकपटू आहे. वेण्या धरून मुलीला गरागरा फिरवून भिरकावणारी ती बाई थोराड, अवजडच दिसायला हवी. नाताळच्या पँटोमाइममध्ये इथे पुरुष बाई होऊन हसवतात. कार्व्हेलने ती सोपी वाट धरली नाही. त्यालाही ऑलिव्हिए मिळालं.

मटिल्डा एकच मुलगी रोज करत नाही. मुलांना रंगमंचावर आणायला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो, कामाचे तास मोजलेले असतात, म्हणून तीन-चार मुली आळीपाळीने उभ्या राहतात. २०१२चं म्युझिकलमधल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑलिव्हिए चौघींना मिळून दिलं गेलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही परीक्षणं जोरदार आली आणि तिथले मानाचे ४ टोनी पुरस्कार मिळाले, पण सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा मान ‘किंकी बूट्स’ने नेला.

‘चार्ली’ची अडचण कादंबरीतच दडलेली आहे. चॉकलेटचा कारखाना बघायची पाच सोनेरी तिकिटं, पाच मुलं, प्रत्येकाची ओळख. प्रत्येक ओळखीला एक गाणं दिलं की पहिला अंक म्हणजे हजेरीपट होतो. लंडनमध्ये कारखान्याचा मालक वाँका स्वतः पहिला अंक संपता संपता यायचा. नेपथ्याची वाहवा झाली, पण नवी गाणी घरी जाताना ओठांवर राहत नाहीत, ही तक्रार अनेकांनी केली. २०१७च्या ब्रॉडवे आवृत्तीत वाँकाला सुरुवातीलाच आणलं, जुन्या चित्रपटातली गाणी वाढवली, आणि चार्ली सोडून बाकी चार मुलं मोठ्या नटांना दिली. तिथेच घात झाला. कारखान्यात हट्टी पोराची फजिती बघताना हसू येतं, पण तेच मोठ्या माणसाचं अंग फुटताना, खारींनी फाडताना बघणं ओंगळ वाटतं. टोनीचं एकही नामांकन मिळालं नाही आणि जानेवारी २०१८मध्ये खेळ बंद झाला. लंडनचा प्रयोग मात्र तशा परीक्षणांवरही साडेतीन वर्षं चालला. घरच्यांना घेऊन येणारा प्रेक्षक परीक्षण वाचून नव्हे, पुस्तकाच्या नावावर तिकीट काढतो.

‘मटिल्डा’तही एक उणीव आहे: शब्द नीट ऐकू येत नाहीत. मुलांचे आवाज पातळ, ओळी दाट, लय जलद. प्रत्येकाच्या केसांच्या कडेला इवलासा माइक असतो. समूहगीतात असे दहा-पंधरा माइक एकदम उघडे राहिले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरतो, तोच स्वर किंचित मागेपुढे पोचतो आणि व्यंजनं विरघळतात. म्हणून ध्वनिसंयोजक ओळीगणिक एकेक माइक उघडतो आणि मिटतो. केशवराव भोसल्यांच्या काळी माइकच नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द नेणं हे गळ्याचं काम होतं. कोल्हापुरात राज्य बालनाट्य स्पर्धेची तालीम घेणाऱ्यांनी पोरांकडून आधी गाणं चालीशिवाय, नुसतं बोलून घ्यावं, आणि एकाने सभागृहाच्या अगदी मागे बसून ऐकावं. जो शब्द तिथे कळला नाही, तिथे चाल संथ करावी किंवा ती ओळ एकट्या मुलाला द्यावी.

इकडे यायचं ठरलं असेल, तर निघण्याआधी आठवडाभर पोरांना शाळेचं ते गाणं ऐकवा आणि शब्दांत लपलेली अक्षरं शोधायला लावा. तिकीट काढताना बाल्कनीच्या छताखाली जाणाऱ्या मागच्या रांगा टाळा. तिथे आवाज दबतो. मधल्या रांगांतली जागा मिळाली तर सोडू नका. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला झोपाळ्यांचं गाणं आहे, त्यामुळे मध्यंतरात आइस्क्रीमच्या रांगेत अडकू नका.