क्वार्टर, क्रोसिन आणि काँबिफ्लॅम

"दारू प्यायल्यावर डोकेदुखीची गोळी किती तासांनी घ्यायची?" मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न दबक्या आवाजात येतो आणि "सकाळी काहीतरी खाऊन घ्या" एवढ्या उत्तरावर संपतो. मुळात हा प्रश्नच अर्धा आहे. गोळी कोणती आणि पिणारा रोजचा की सणासुदीचा, हे विचारल्याशिवाय तासांना काही अर्थ नाही. पॅरासिटामॉल आणि ब्रुफेनच्या (म्हणजे आयबुप्रोफेनच्या) घराण्यातल्या गोळ्या दारूशी दोन वेगळ्या ठिकाणी भांडतात. पहिलीचं भांडण लिव्हरमध्ये, दुसरीचं जठरात आणि किडनीत. त्यामुळे एकीचा नियम दुसरीला लावला की घात होतो.

आधी पेगचा हिशोब करू. महाराष्ट्रात व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं, लार्जमध्ये २० आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६०. गोव्याच्या फेणीचं मापही याच्याच आसपास. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ४० ग्रॅम, म्हणजेच चार स्मॉल. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. निरोगी माणसाचं लिव्हर तासाला अंदाजे ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. रात्री नऊला बसून क्वार्टर संपवली, तर अंगातली दारू पहाटे तीन ते साडेपाचच्या दरम्यान संपते. लिंबूपाणी, कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

आता पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो, कॅलपॉल वगैरे. पोटात गेलेल्या मात्रेचा बहुतेक भाग लिव्हर निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. ५ ते १० टक्के भाग मात्र सीवायपी २ई१ नावाच्या एन्झाइमच्या तावडीत सापडतो आणि त्यातून एनएपीक्यूआय हा विषारी पदार्थ तयार होतो. लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याला लगेच बांधून टाकतं. ग्लुटाथायोनचा साठा संपला की तेच विष लिव्हरच्या पेशींना चिकटतं आणि त्या मरतात.

हेच एन्झाइम दारूही जाळतं. त्यामुळे रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये ते जास्त प्रमाणात तयार होऊ लागतं. दारू अंगात आहे तोवर एन्झाइम तिच्यात गुंतलेलं असतं आणि पॅरासिटामॉलच्या वाट्याला कमी येतं. दारू उतरली की वाढलेलं एन्झाइम मोकळं होतं आणि सगळा मोर्चा गोळीकडे वळतो. म्हणजे रोज पिणाऱ्याचा जास्त धोक्याचा काळ ग्लास हातात असतानाचा नाही, तर प्यायल्यानंतरचा दिवस आणि दारू सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस. "चार दिवस झाले, एक थेंब घेतला नाही, आता गोळ्यांना काय हरकत?" हा हिशोब म्हणूनच उलटा आहे. आणि नेमक्या याच दिवसांत डोकं ठणकतं, अंग दुखतं, झोप येत नाही, मग गोळ्यांची संख्या वाढते.

एवढ्यावर लिव्हर सहसा निकामी होत नाही. त्यात उपासमारीची भर पडली की मामला बिघडतो. ग्लुटाथायोन बनायला अन्नातली प्रथिनं लागतात आणि दोन दिवस धड खाल्लं नाही की साठा घसरतो. आता आपल्याकडचं नेहमीचं चित्र पाहा. अंगात ताप, तोंडाला चव नाही, दोन दिवस चहा-बिस्किटांवर काढलेले, रात्री "घाम येऊन ताप उतरेल" म्हणून गरम पाण्यातून ब्रँडी, गोव्याकडे असाल तर फेणी, आणि दर चार तासांनी डोलो. रोज पिणाऱ्या माणसासाठी याहून वाईट जुळणी सुचणं कठीण. ब्रँडीने ताप उतरत नाही. त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, अंग ऊबदार वाटतं, लघवी जास्त होऊन पाणी मात्र कमी होतं.

मर्यादा किती? निरोगी प्रौढासाठी दिवसाला कमाल ४ ग्रॅम, तेही थोड्याच दिवसांसाठी. निरोगी लोकांना १४ दिवस रोज ४ ग्रॅम दिलेल्या एका अभ्यासात साधारण तिघांपैकी एकाचा एसजीपीटी, म्हणजे लिव्हर दुखावल्याचं रक्तातलं माप, नेहमीच्या कमाल पातळीच्या तिपटीपेक्षा वर गेला होता. म्हणून ३ ग्रॅमच्या आत राहणं शहाणपणाचं. रोज पिणारे, लिव्हरवर सूज असलेले, ५० किलोपेक्षा कमी वजनाचे आणि नीट न जेवणारे यांनी २ ग्रॅमची रेघ धरावी: ५०० मिग्रॅच्या चार किंवा ६५०च्या तीन, मध्ये किमान सहा तास. लिव्हरचं दुखणं आधीच माहीत असेल तर तीही डॉक्टरांना विचारूनच. दुसरी बाजूही सांगायला हवी. दारू सोडण्यासाठी दाखल झालेल्यांना दोन दिवस रोज ४ ग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा लिव्हरवर फरक दिसला नव्हता. पण ते लोक देखरेखीखाली होते आणि गोळ्या मोजून मिळत होत्या. घरी कोण मोजतं?

न मोजण्याचं मुख्य कारण म्हणजे पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांनी पोटात जातं. काँबिफ्लॅम म्हणजे आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. झिरोडॉल-पीमध्ये असेक्लोफेनॅकबरोबर ३२५. सर्दीच्या सिनारेस्टमध्ये ५००. तापासाठी डोलो ६५० तीनदा, सर्दीसाठी सिनारेस्ट दोनदा, अंगदुखीसाठी काँबिफ्लॅम दोनदा, याची बेरीज ३,६०० मिग्रॅ होते आणि घेणाऱ्याला वाटतं आपण दिवसात तीनच डोलो घेतल्या. त्यातच स्ट्रिप कात्रीने कापून दोन-दोन गोळ्या देण्याची पद्धत. नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्यावर, आपल्या हातात कोरा चंदेरी पत्रा. मग कागदी पुडीतल्या पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी गोळ्या "अंगदुखीच्या" या एकाच नावाने घेतल्या जातात. नाव असलेला तुकडा मागून घ्या किंवा काउंटरवरच पूर्ण स्ट्रिपचा फोटो काढा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.

अमेरिकेने १९९८ मध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या सर्व वेदनाशामकांच्या वेष्टनावर दारूचा इशारा सक्तीचा केला: रोज तीन किंवा त्याहून जास्त ड्रिंक घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यांचं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं, म्हणजे तीन ड्रिंक जेमतेम ४२ ग्रॅम. आपल्याकडचे दोन लार्ज. "रोज दोनच घेतो" म्हणणारा गृहस्थ त्या इशाऱ्याच्या उंबऱ्यावरच उभा आहे.

पॅरासिटामॉल लिव्हरला वाईट, मग काँबिफ्लॅम किंवा व्होवेरान (डायक्लोफेनॅक) घेऊ, हा पुढचा तर्क. इथे पोट आडवं येतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन कमी करून दुखणं थांबवतात. त्याच प्रोस्टाग्लँडिनमुळे जठराच्या आतला श्लेष्माचा थर टिकतो आणि आम्लापासून संरक्षण मिळतं. थर पातळ झाला आणि त्यावर दारू पडली की चट्टे आणि रक्तस्राव. ॲस्पिरिनचं आणखी एक: ते प्लेटलेट्स कायमच्या निकामी करतं, त्यामुळे नव्या प्लेटलेट्स येईपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, रक्त गोठण्यात कसर राहते. डिस्प्रिनने (तीही ॲस्पिरिनच) डोकेदुखी तासाभरात जाते, परिणाम आठवडाभर राहतो. हृदयासाठी रोज इकोस्प्रिन ७५, म्हणजे कमी मात्रेचं ॲस्पिरिन, घेणाऱ्याने ती मनाने बंद करू नये. दारू कमी करावी आणि तिच्यावर काँबिफ्लॅम चढवू नये.

"किती तासांनी" हा प्रश्न खरं तर या घराण्याला विचारायचा, आणि इथे गोळीगणिक उत्तर बदलतं. आयबुप्रोफेनची रक्तातली पातळी दर दोन तासांनी निम्मी होते, म्हणजे दहा-बारा तासांत ती जवळपास संपते. नॅप्रोक्सेन निम्मं व्हायला १२ ते १७ तास. एटोरिकॉक्सिबला २२. आणि दातदुखीवर सर्रास दिली जाणारी डोलोनेक्स डीटी, म्हणजे पायरॉक्सिकॅम, तिला सुमारे ५० तास! शुक्रवारी सकाळी दाढेसाठी घेतलेली डोलोनेक्स रविवारच्या पार्टीलाही अंगात अर्धी शिल्लक असते. पोटातून रक्तस्राव घडवण्यात पायरॉक्सिकॅम आणि केटोरोलॅक, म्हणजे केटोरॉल डीटी, या घराण्यात वरच्या क्रमांकावर आहेत. युरोपात २००७ मध्ये पायरॉक्सिकॅमच्या वापरावर बंधनं आली. दाढ दुखतेय म्हणून ब्रँडीचा बोळा दातात धरणारे आणि वर केटोरॉल घेणारे पोटाचं काय करतायत, हे त्यांना ठाऊक नसतं.

सोबत ॲसिडिटीची पॅन ४० घेतली की सगळं माफ, असाही एक समज आहे. आम्ल कमी झाल्याने जठरातल्या अल्सरचा धोका खरंच घटतो. पण ती गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, दुखल्यावर नाही, आणि किडनीसाठी तिचा काहीही उपयोग नाही. दारूने लघवी वाढते, उलट्या झाल्या तर आणखी पाणी जातं. अशा वेळी किडनी आपल्याकडे येणारा रक्ताचा ओघ प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर टिकवून धरते आणि ब्रुफेनची गोळी नेमका तोच आधार काढून घेते. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या साठीतल्या माणसाची किडनी अशा एका वीकेंडमध्ये बसू शकते.

पावसाळ्यात आणखी जपायला हवं. मुंबई-कोकणात जुलै ते ऑक्टोबरमधला अंगमोडीचा ताप डेंग्यूचा असू शकतो, लेप्टोचाही. डेंग्यूत प्लेटलेट्स घसरतात, म्हणून ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक वर्ज्य. लेप्टो किडनीवर येतो. राहतं ते पॅरासिटामॉल, पण या दोन्ही आजारांत लिव्हरही सुजतं, म्हणून तेही मोजून. अशा तापात दारूला जागाच नाही, औषधी म्हणवल्या जाणाऱ्या दोन चमचे ब्रँडीलाही नाही.

निमेसुलाइड या वेदनाशामकाबद्दल थोडक्यात: लिव्हरच्या कारणावरून स्पेन आणि फिनलंडने ते २००२ मध्ये थांबवलं, आपल्याकडे २०११ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंद झालं. पिणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. ट्रॅमाडॉल असलेली अल्ट्रासेट २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, तरी घराघरांतल्या औषधांच्या डब्यात जुन्या पडलेल्या असतात. दारूबरोबर ती झोप गाढ करते आणि श्वास मंद करते. इथे तासांचं गणित मांडत बसायचं नाही, एकत्र घ्यायचीच नाही.

राहिला हँगओव्हर. पिण्याआधीच गोळी घेऊन ठेवण्याचा काही उपयोग नाही: पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तासांत संपतो, डोकं दुखतं सकाळी. झोपताना घेतलेल्या काँबिफ्लॅमला रिकाम्या जठरात दारूच सोबतीला मिळते. सकाळी आधी ओआरएस, एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, घोट घोट. मग मऊ भात, पेज, इडली, जे पोटात राहील ते. लघवी स्वच्छ होऊ लागली, उलटी थांबली आणि तरी डोकं दुखतंय, तर एरवी न पिणाऱ्याने ५०० मिग्रॅची एक पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. ब्रुफेन घ्यायचीच असेल तर दारू पूर्ण उतरल्यावर, जेवणानंतर, २०० किंवा ४००ची एक, आणि त्या दिवशी पुन्हा बसायचं नाही. उताऱ्याचा पेग आणि गोळी एकत्र नको. पाठ किंवा गुडघा दुखत असेल तर डायक्लोफेनॅकचं जेल चोळा. गोळीच्या मानाने त्यातलं सुमारे ६ टक्केच रक्तात जातं.

संडास डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो पोटातला रक्तस्राव समजायचा आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण पिणाऱ्याने आणि ब्रुफेन घेणाऱ्याने ती सबब आधी पुढे करू नये.

पॅरासिटामॉल जास्त झाल्याचं लक्षात आलं, तर लक्षणांची वाट पाहायची नाही. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, कधी तीही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखतं, कावीळ दिसेपर्यंत लिव्हरचं बरंच नुकसान झालेलं असतं. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर लिव्हर जवळजवळ नेहमी वाचतं; उशीर झाला तरी देतात. १०८ला फोन करा किंवा गाडी काढा, मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. घरातल्या सगळ्या रिकाम्या स्ट्रिप्स पिशवीत भरा आणि कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणती गोळी किती मिग्रॅची किती घेतली, पहिली आणि शेवटची कधी घेतली, दारू किती आणि किती वर्षांपासून. तिसऱ्या ओळीत घरचे हमखास कमी आकडा सांगतात. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला तोच आकडा खरा हवा असतो, कारण उपचार सुरू करायचा की रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचं, हे ठरवताना तोही धरला जातो.