पन्नास वर्षांनी वाचायची ओळ

२६ जुलै, नौपाडा, ठाणे

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय, तर नव्या इमारतीच्या पायात कालकुपी पुरायची टूम निघालीय. प्रत्येक घरानं पुढच्या पिढीसाठी एकच ओळ द्यायची. ग्रुपवर सकाळपासून ‘माणुसकी जपा’, ‘झाडे लावा’ चालू आहे. वाईट काहीच नाही, पण हे सगळं वाचणाऱ्याला त्याच्या आजीनं आधीच सांगितलेलं असणार.

आपल्याकडे शिलाहारांच्या काळातले गधेगळ, म्हणजे दानाचे कोरीव दगड, सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी, तीही कोरून. चंद्र-सूर्य असेतो दान टिकावं म्हणून एवढी दहशत. त्या जमिनी पुढे कुणाच्या सातबाऱ्यावर गेल्या देव जाणे, शिवी तेवढी शाबूत आहे.

मला जपानमधल्या अनेयोशीचा दगड जास्त पटतो. १९३३च्या त्सुनामीनंतर गावानं तो उभारला: याच्या खाली घरं बांधू नका. गावानं ऐकलं. २०११ साली पाणी दगडाच्या शंभरेक मीटर खालीच थांबलं, वरची घरं वाचली. दगड उभा आहे ती जागा हेच अर्धं वाक्य.

म्हणून माझी ओळ: ‘२६ जुलै २००५ला पाणी इथवर आलं होतं. मीटर आणि पंप याच्या वर बसवा.’

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आमच्या तळमजल्याच्या भिंतींवर चिखलाची तपकिरी रेघ उमटली होती, ती पुढे दिवाळीच्या रंगकामात गेली. आता नव्या प्लॅनमध्ये मीटर रूम बेसमेंटला आहे. स्विमिंग पूल मात्र सातव्या मजल्यावर!

ही ओळ कुपीत पुरून उपयोग नाही. ती जिन्याशी भिंतीवरच हवी, जाता-येता दिसेल अशी. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘जरा प्रेरणादायी काहीतरी द्या की हो.’’

खरी अडचण वेगळीच आहे. इथवर म्हणजे नक्की कुठवर? तळमजल्यावरच्या काकू म्हणतात, स्विचबोर्ड बुडाला होता. त्यांचा मुलगा म्हणतो, ‘‘छे गं, कॉटपर्यंतच होतं.’’ दोघंही त्या रात्री एकाच खोलीत, डायनिंग टेबलावर पाय वर घेऊन बसलेले! इमारत पाडायच्या आत मोजून घ्यायला हवं. रंगाचे थर खरवडले तर रेघ सापडेल का, उद्या रंगाऱ्याला विचारतो.