स्वयंपाक पटकन आला, गॅस यायला जीव गेला (माझा अनुभव)

एकटं राहून स्वयंपाक शिकायचा म्हटलं की जो तो रेसिपी सांगत सुटतो. रेसिपीचं काय, येते ओ. तांदळाला दुप्पट पाणी, तूरडाळीला तिप्पट, चिमूटभर हळद, कुकर लावला की वरणभात झाला. खरी अवघड गोष्ट म्हणजे भाड्यानं राहणाऱ्या एकट्या माणसानं घरगुती गॅसचं कनेक्शन मिळवणं, आणि ते कुणीच सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

बदली होऊन सांगलीला आलो, विश्रामबागेत वरच्या मजल्यावर खोली मिळाली. सुरुवातीला खानावळ होती. मग रोजच्या त्या तेलाच्या तवंगाला कंटाळून इंडक्शन घेतलं. (घरचा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही, बुडाला लोहचुंबक चिकटतं का ते बघूनच भांडी घ्या.) इंडक्शनवर भात, आमटी, अख्खा मसूर सगळं झालं. अख्खा मसूर तर नवशिक्यानं पहिला शिकावा, तासभर भिजवला तरी पुरतो आणि कांदा-लसूण चटणी बरी असली की चव आपोआप येते. फक्त चटणी कडकडीत तेलात टाकू नका, करपते आणि ठसक्यानं शेजारी दार उघडतात.

पण थंडीत मंडईत कृष्णाकाठची वांगी आली आणि माझी पंचाईत झाली. भरताचं वांगं जाळावरच भाजायला पाहिजे. भाकरीचंही तेच, तव्यावर फडक्यानं दाबून फुगवतात म्हणे, पण माझी काय फुगेना. मग ठरवलं, गॅस घ्यायचाच.

एजन्सीत गेलो. आधार, फोटो, फॉर्म सगळं होतं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या आधारवर गावचा पत्ता आहे, इथला पुरावा आणा. भाडेकरार दिला तर म्हणे नोटरीचा चालत नाही, रजिस्टर पाहिजे. घरमालक काकांना विचारलं तर, "कशाला त्या भानगडीत पडताय, आजवर कुणी मागितला नव्हता बघा." त्यांना वाटत होतं रजिस्टर केलं की भाडेकरू घरात कायमचा बसतो. खरंतर उलटं आहे, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा असला तरी रजिस्टर करावाच लागतो आणि ती जबाबदारी कायद्यानं घरमालकावरच आहे, न केल्यास त्यालाच त्रास. हे काकांना पटवायला मला बायकोला लग्नाला तयार करताना लागला नसेल एवढा वेळ लागला. शेवटी काकू मधे पडल्या. हल्ली ते काम ऑनलाइन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, दोघांचे आधार लागतात, बास.

करार घेऊन ऐटीत गेलो तर नवीनच. "या पत्त्यावर ऑलरेडी एक कनेक्शन दाखवतंय." अहो ते खाली काकांचं आहे, मी वर राहतो, माझं स्वयंपाकघर वेगळं! "सिस्टीम घेत नाही." मग काय करू? "साहेबांना विचारा." साहेब कुठायत? "गोडाऊनला." गोडाऊन कुठाय विचारलं तर बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी तिथं दरोडा घालायला निघालोय. पुढच्या खेपेला साहेब भेटले, त्यांनी न बघताच मालकाचं संमतीपत्र मागितलं. तेही आणलं तर म्हणे त्यात मजला लिहिलेला नाही. एवढी एक ओळ पहिल्याच दिवशी सांगितली असती तर यांचं काय गेलं असतं? म्हणून सांगतो, करारात आणि फॉर्मवर पत्ता लिहिताना "पहिला मजला, स्वतंत्र स्वयंपाकघर" असं ठळक लिहा. एका घराला एकच कनेक्शन हा नियम आहे, त्यामुळं घर वेगळं आहे हे कागदावर दिसायला लागतं.

सगळं झाल्यावर शेगडी आमच्याकडूनच घ्या म्हणून शेवटचा हट्ट. असं काही बंधन नाही, आयएसआय मार्कची आपली शेगडी चालते, फार तर तपासणीचे पैसे घेतात. तोवर मीही तयार झालो होतो, तिथंच उभं राहून मोठ्यानं बोललो, मागची दोन माणसंही बोलायला लागली, मग गुपचूप पावती फाटली. लई बरं वाटलं.

आणि हो, हे आधीच सांगायला पाहिजे होतं, एवढं थांबायची तयारी नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. काही पेट्रोल पंपांवरही असतो. किलोमागं महाग पडतो, पण एकट्याला पुरतो. हे मला एजन्सीत नाही, चहाच्या टपरीवर कळलं.

डिपॉझिटची पावती आणि कनेक्शनचं व्हाउचर जपून ठेवा, बदली झाली की तीच दाखवून पैसे परत घ्यायचेत.

भाकरीचं राहिलंच. शाळू (रब्बीची ज्वारी) थोडा थोडाच दळून आणा, पिठाची विरी (चिकटपणा) गेली की भाकरी थापताना चिरते, मग कितीही मळा. पाणी कढत घ्या, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटा. वांग्याला भाजायच्या आधी एक उभी चीर द्या, आत कीड आहे का बघा, तिथंच लसणाच्या दोन पाकळ्या खुपसा, तेलाचा हात लावा आणि देठ धरून फिरवत राहा. साल काळी पडली म्हणून लगेच उतरवू नका, देठाजवळ सुरी सहज गेली पाहिजे.

सिलिंडर एकच असल्यानं संपतो तो नेमका रविवारी, म्हणून इंडक्शन विकलं नाही. डिलिव्हरीच्या वेळी मी कामावर असतो, म्हणून सिलिंडर घेताना सांगावा लागणारा, मोबाइलवर येतो तो कोड काकूंना पाठवून ठेवतो.