खालच्या जबड्याचं घट्ट हाड आणि ड्रिलिंगची उष्णता: माझा अनुभव

मी डेंटिस्ट आहे, इम्प्लांटच्या (दात नसलेल्या जागी हाडात बसवायचा स्क्रू) केसेस करते, आणि खालच्या जबड्याची केस असली की माझं निम्मं लक्ष हाड तापत तर नाही ना याच्याकडेच असतं. गेल्या वर्षी एका काकांची खालची दाढ केली, सीबीसीटीत (जबड्याच्या 3डी स्कॅनमध्ये) दिसत होतं की हाड एकदम घट्ट, बाहेरचा थर जाड. पेशंटला हाड मजबूत आहे म्हटलं की बरं वाटतं, पण असल्या हाडात ड्रिल जास्त घासतं, आणि रक्तपुरवठा कमी असल्यामुळे उष्णता पटकन निघूनही जात नाही.

1983 मध्ये स्वीडनमध्ये एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी सशांच्या हाडावर प्रयोग करून दाखवलं होतं की 47 डिग्री तापमान एक मिनिट राहिलं तरी हाडाचं नुकसान होतं. शरीर मुळात 37 वर, म्हणजे आपल्या हातात फक्त 10 डिग्री! हाड मेलं की इम्प्लांट हाडाला धरतच नाही, भोवती नुसता मऊ तंतूंचा थर तयार होतो. आणि भूल दिलेली असते, त्यामुळे त्या वेळी पेशंटला काही कळत नाही.

काकांनी आधीच विचारलं, "मॅडम, भिंतीला ड्रिल मारताना धूर निघतो तसं होतं का हो?" म्हटलं, "तसं होऊ नये म्हणूनच तर सारखं पाणी सोडतो काका, तोंडात गार लागेल, घाबरू नका."

सलाईनची बाटली फ्रीजमध्ये ठेवलेली होती. 2 मिमीचं पायलट ड्रिल (पहिलं बारीक भोक पाडणारं), स्पीड मिनिटाला साधारण 800 फेरे, आणि हात अजिबात दाबायचा नाही, एक-दोन सेकंद आत, मग मोटर चालूच ठेवून वर, म्हणजे भुगा बाहेर येतो आणि पाणी तळापर्यंत जातं, की पुन्हा आत. गाईड (ड्रिल ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेने जावं म्हणून लावायचा साचा) लावलेला होता, आणि गाईडची खरी अडचण हीच आहे की त्याच्या रिंगमुळे पाणी हाडापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून असिस्टंट ताई बाजूने सिरिंजने वेगळं सलाईन सोडत होत्या. सक्शनही थोडं लांब धरायला सांगितलं, कारण ते जवळ असलं तर पाणी हाडावर पडायच्या आधीच ओढून घेतं, हे बऱ्याच ठिकाणी लक्षातच घेतलं जात नाही.

प्रत्येक ड्रिल बाहेर काढलं की गॉजवर पुसून भुगा बघते. पांढरट, रक्ताने थोडा लालसर, ओलसर असेल तर ठीक. तपकिरी किंवा कोरडा दिसला की थांबायचंच. काकांच्या वेळी भुग्याचा रंग चांगला होता पण पुढच्या साईजचं ड्रिल खाली उतरायला वेळ घ्यायला लागलं, अशा वेळी हात आपोआप जोर लावायला जातो आणि तिथेच घोळ होतो. मी ते ड्रिल बाजूला ठेवलं, नवं लावलं, अलगद उतरलं. ड्रिल किती वेळा वापरलं याची नोंद आमच्याकडे वहीत असते, पण घट्ट हाडात वापरलेलं ड्रिल मी कंपनीने दिलेल्या आकड्याआधीच बदलते, नव्या ड्रिलचा खर्च परवडतो, केस फेल गेलेली नाही परवडत.

शेवटी टॅप (हाडात स्क्रूसाठी आटे पाडणारं हत्यार) एकदम कमी स्पीडला फिरवून इम्प्लांट बसवला. तीन महिन्यांनी तपासला तेव्हा घट्ट होता, एक्स-रेही स्वच्छ, मग कॅप बसवली. आता काकांची वरची मागची दाढ करायची आहे, तिथलं हाड मऊ, त्यामुळे तिथे तापण्यापेक्षा इम्प्लांटला पकड मिळेल का याचीच काळजी जास्त.